सकाळची वाटी कितीला पडते? कॉर्नफ्लेक्स, ओट्स, म्युस्लीच्या खरेदीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी लातूरची. वडिलांचं औशात किराणा दुकान होतं, त्यामुळे पाकीट हातात आलं की आधी मागची बाजू वाचायची खोड लहानपणापासूनची. आता आमच्या वरच्या मजल्यावर नीटच्या क्लाससाठी आलेली चार पोरं राहतात. त्यांच्या आया फोनवर विचारतात, भिशीतल्या बायका विचारतात, आणि प्रश्न फिरून फिरून तेच असतात. म्हणून एकदाच लिहून ठेवते. खाली दिलेले भाव हिशेब कळावा एवढ्यापुरते आहेत. तुमच्या गावात दोन-पाच रुपये इकडं-तिकडं होतील, हिशेबाची रीत तीच राहील.

मोठा बॉक्स घेतला की स्वस्त पडतंच ना?

बहुतेक वेळा पडतं, पण डोळे झाकून नाही. मागच्या महिन्यात एकाच कंपनीचे साधे कॉर्नफ्लेक्स दुकानात चार मापांत होते. दहा रुपयांची पुडी 24 ग्रॅमची. 250 ग्रॅमचं पाकीट 115 रुपयांना. 475 ग्रॅमचा बॉक्स 190 ला आणि 875 ग्रॅमचा 365 ला. आता 100 ग्रॅमचा भाव काढा. पुडी 41 रुपये 67 पैसे, पाव किलोचं पाकीट 46 रुपये, पावणेपाचशेचा बॉक्स 40 रुपये आणि सगळ्यात मोठा 41 रुपये 71 पैसे. म्हणजे ढांगभर मोठा बॉक्स आणि चिमुकली पुडी एकाच भावात, आणि आपण सगळे जे उचलतो ते पाव किलोचं पाकीट सगळ्यात महाग!

475, 875 असली आडमाप वजनं तुम्हाला गोंधळात टाकतात, ते साहजिक आहे. पूर्वी बऱ्याच वस्तूंची पाकिटं ठरावीक वजनातच करावी लागत. ते बंधन आता निघालं, म्हणून कंपनी कुठल्याही वजनाचं पाकीट काढू शकते. बॉक्स तेवढाच, चित्र तेच आणि आत वीस-पंचवीस ग्रॅम कमी, हेही होतं. वजनाचा आकडा दर वेळी बघा, मागच्या वेळचा मनात धरू नका.

दुकानात उभं राहून भागाकार कोण करणार?

करायची गरज नाही. छापील किमतीच्या शेजारी बारीक अक्षरात 'यूएसपी' म्हणून एक आकडा असतो. युनिट सेल प्राइस, म्हणजे एका ग्रॅममागचा किंवा किलोमागचा भाव, आणि तो छापणं आता नियमानं बंधनकारक आहे. फक्त एक मेख आहे. किलोच्या आतल्या पाकिटावर हा भाव ग्रॅममागे लिहितात आणि किलोच्या वरच्या पाकिटावर किलोमागे. एकावर 0.42 आणि दुसऱ्यावर 385 दिसलं तर घाबरू नका, 0.42 ला हजारानं गुणा, 420 आले. म्हणजे दुसरं पाकीट किलोमागे 35 रुपयांनी स्वस्त. पण हा आकडा छापील किमतीवरचा असतो. दुकानदार सूट देत असेल तर भागाकार आलाच.

100 ग्रॅमचा भाव कळला. मग सगळ्यात स्वस्त ते घ्यायचं, झालं?

नाही झालं. खरा हिशेब वाटीत आहे.

एका रविवारी मी घरातला वजनकाटा काढला आणि रोजची वरणाची स्टीलची वाटी त्यावर ठेवली. कॉर्नफ्लेक्स काठोकाठ भरले, पंचवीस ग्रॅम. तीच वाटी म्युस्लीनं, म्हणजे ओट्स-सुक्यामेव्याच्या मिश्रणानं भरली, ऐंशी ग्रॅम. ज्वारीच्या लाह्या भरल्या तर काटा पंधराच्या आसपासच घुटमळला. आता 100 ग्रॅमला 40 रुपयांचे कॉर्नफ्लेक्स वाटीला दहा रुपये पडले. म्युस्ली 60 रुपये भावाची होती, तिची तीच वाटी 48 रुपयांना! पाकिटावर भाव दीडपट दिसत होता, वाटीत तो पाचपट झाला.

अर्थात वाटीभर म्युस्ली कुणी खाऊ नये आणि खाववतही नाही. अर्ध्या वाटीत पोट भरतं, आणि लाह्यांची वाटी खाऊन तासाभरात भूक लागते, हेही खरं. पण घरात वाटी एकच असते ना! लेकरू कॉर्नफ्लेक्स घेताना भरतं तेवढीच म्युस्ली घेतं. पाकिटावर 'एका वेळचं प्रमाण 30 ग्रॅम' लिहिलेलं असतं. आमचा धाकटा स्वतःच्या हातानं मोठ्या भांड्यात वाढून घेतो ते मी मोजलं, 55 ग्रॅम निघाले. म्हणजे पाकिटानं सांगितलेले सोळा दिवस आमच्याकडं नऊच दिवस टिकतात. तेव्हापासून म्युस्लीच्या डब्यात मोठा चमचा टाकून ठेवलाय. चार चमचे घ्यायचे. आधी कुरकुर झाली, आता चालतं.

दुधाचा खर्च यात धरायचा का?

धरायचाच, तोच तर सगळे विसरतात. लिटरला साठ रुपये धरले तर 200 मिलीलिटर दूध बारा रुपयांचं होतं. वाटीतले कॉर्नफ्लेक्स दहाचे! दोन पोरं, महिन्याचे पंचवीस दिवस, 600 रुपये दुधाचेच झाले. आता सकाळी मोरीत वाट्या विसळताना बघा, तळाशी गोडसर दूध किती उरतं. आधी दूध ओतून मग फ्लेक्स टाकले की दूध जास्त लागतं. आधी फ्लेक्स, मग ते जेमतेम भिजतील एवढंच दूध. आमच्याकडं एवढ्यानं रोज एक छोटा पेला दूध वाचलं, ते संध्याकाळच्या चहाला जातं.

दह्यातही छान लागतं, विशेषतः एप्रिल-मेमध्ये.

मोंढ्यात सुटे कॉर्नफ्लेक्स शंभर-सव्वाशे रुपये किलोनं मिळतात. मग बॉक्स कशाला घ्यायचा?

थांबा! हा प्रश्न माझ्या जाऊबाईंनी मला विचारला असता तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं नाही, दोन किलो घेऊन आल्या. दुसऱ्या दिवशी पुतण्यानं दुधात टाकले आणि दहा मिनिटं झाली तरी ते भिजेनात. चावायला गेला तर प्लॅस्टिकची टिकली चावल्यासारखं. बिचारा म्हणाला, 'काकू, हे खराब झालंय.'

खराब काही झालेलं नव्हतं. ते मक्याचे पोहे होते. दिवाळीच्या चिवड्याला तळतो ते. दुकानदारही त्यांना कॉर्नफ्लेक्सच म्हणतात, तिथंच घोटाळा होतो. ते कच्चे असतात, कडकडीत तेलात टाकले की फुलतात. दुधात टाकायचे फ्लेक्स कारखान्यात शिजवून, चेपून, भाजून येतात, म्हणून तसेच खाता येतात. ओळखायचं कसं? तळायचे पोहे जाड, पिवळेधमक, जरा पारदर्शक आणि गुळगुळीत दिसतात. खायचे फ्लेक्स खरबरीत असतात, त्यांच्यावर बारीक फोड आणि भाजल्याचे तांबूस डाग असतात. एक तोंडात टाकून बघितला की शंकाच राहत नाही. मोंढ्यात एक दाणा तोंडात टाकायला कुणी नाही म्हणत नाही.

जाऊबाईंच्या दोन किलोंचा त्या वर्षी चिवडा झाला. भाऊबीजेपर्यंत पुरला.

मका आपल्या सिल्लोड-भोकरदनकडं एवढा पिकतो, मग कॉर्नफ्लेक्स चारशे रुपये किलो कसे?

हा प्रश्न आमच्या सासऱ्यांचा, आणि ते दर बॉक्समागं एकदा विचारतातच. 2025-26 च्या खरिपाला मक्याचा हमीभाव क्विंटलला 2,400 रुपये होता. म्हणजे किलोला 24. बाजारात तेवढाही हातात पडेलच असं नाही, ते शेतकऱ्याच्या घरात वेगळं सांगायला नको.

24 चे 400 होतात ते असे. फ्लेक्सला मक्याचा अख्खा दाणा वापरत नाहीत. वरचं साल आणि आतला तेलकट कोंब काढून टाकतात आणि उरलेल्या भरड्याचे फ्लेक्स करतात. त्यात साखर, मीठ आणि माल्टचा अर्क घालून वाफेवर शिजवणं, लोखंडी रुळांखाली चेपणं, भट्टीत भाजणं. मग पिशवी, पिशवीवर खोकं, ट्रक, वितरक, दुकानदार, आणि टीव्हीवरची जाहिरात. त्या हिशेबात मक्याचा वाटा लहानच. सासऱ्यांना हे पटत नाही. मला पटतं, पण आवडत नाही.

जीएसटी कमी झाला म्हणतात. आपल्याला फरक पडला का?

पडायला हवा. 22 सप्टेंबर 2025 पासून कॉर्नफ्लेक्स आणि त्या जातीच्या तयार धान्यपदार्थांवरचा जीएसटी 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. आधी करासकट 118 ला असलेली वस्तू 105 ला यायला पाहिजे. दहा रुपयांच्या पुडीची किंमत कंपन्या सहसा हलवत नाहीत, तिथं वजन वाढतं का ते बघायचं. कोपऱ्यातल्या दुकानात जुन्या तारखेचा आणि जुन्या किमतीचा माल पडून असेल तर सरळ विचारा. भांडायची गरज नाही, 'भाऊ, हे जुन्या भावातलं दिसतंय' एवढं म्हटलं तरी पुष्कळदा काम होतं.

सुट्या पोह्या-मुरमुऱ्यांवर मात्र कर नाही. छापील लेबलाच्या पाकिटातले घेतले तर 5 टक्के लागतो. सुटे घ्या.

लेकराला चॉकलेटवालंच लागतं. काय करावं?

आधी मागची बाजू वाचा. पोषणाच्या तक्त्यात 'अॅडेड शुगर' म्हणून ओळ असते. समजा 100 ग्रॅमला 30 ग्रॅम लिहिलंय. म्हणजे किलोभर मालात 300 ग्रॅम साखर, आणि ती तुम्ही साडेचारशे रुपये किलोनं विकत घेतली. वाण्याकडं साखर पंचेचाळीसच्या आत-बाहेर मिळते!

एकदम बंद करायला गेलात तर सकाळी सातला घरात रडारड होते, स्कूलबस निघून जाते आणि शेवटी चार रुपयांची बिस्किटं डब्यात जातात. मी भेसळ केली. चक्क भेसळ. पहिल्या आठवड्यात डब्यात तीन भाग चॉकलेटचं, एक भाग साधे कॉर्नफ्लेक्स. मग निम्मं-निम्मं. आता एक भाग चॉकलेटचं आणि दोन भाग साधे, आणि दूध तरी तपकिरी होतं म्हणून साहेब खूश. डबा स्टीलचा ठेवा. काचेच्या बरणीत गुपित राहत नाही.

खोक्यात खेळणं, स्टिकर, जादूचं कार्ड वगैरे असेल तर लेकराला दुकानात नेऊ नका. यापेक्षा शहाणपणाचं उत्तर माझ्याकडं नाही.

ओट्स घ्यावेत का? कुठले?

साधे घ्या. किलोचं साधं पाकीट 200 रुपयांना असेल तर 100 ग्रॅमला वीस रुपये पडले. मसाल्याची 39 ग्रॅमची पुडी वीस रुपयांना असेल तर भाव 51 रुपये. वरच्या 31 रुपयांत काय मिळालं? हळद, मीठ, वाळवलेला कांदा आणि चार वाटाणे. घरात जिरं-मोहरी, कढीपत्ता, हिरवी मिरची असते. फोडणी घाला, कांदा परता, पाणी उकळलं की ओट्स टाका, पाच मिनिटांत उप्पीट होतं. काळा मसाला चिमूटभर घातला तर आमच्याकडच्या म्हाताऱ्यांनाही चालतं.

ओट्स आपल्या देशात मुख्यतः जनावरांच्या चाऱ्यासाठी लावतात, हे मात्र म्हाताऱ्यांना सांगू नका.

म्युस्लीत बदाम, मनुके असतात, मग ती महाग असणारच ना?

किती असतात ते मोजलंत का? घटकांच्या यादीत बदामापुढं टक्का लिहिलेला असतो. समजा 2 टक्के आहे आणि पाकीट 500 ग्रॅमचं आहे. दहा ग्रॅम बदाम झाले. एक बदाम साधारण सव्वा ग्रॅमचा, म्हणजे पूर्ण पाकिटात आठ बदाम. खोक्यावरच्या फोटोतच त्याहून जास्त दिसतात! घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं लावलेली असते, पहिल्या तीन नावांत काय आहे तेच तुम्ही खाताय. दुसऱ्या-तिसऱ्या नंबरला साखर दिसली तर पाकीट परत ठेवा.

माझी घरची म्युस्ली अशी. ओट्स अर्धा किलो, ज्वारीच्या लाह्या 150 ग्रॅम, शेंगदाणे 150 ग्रॅम, डाळवं 100 ग्रॅम, तीळ, मनुके आणि सुक्या खोबऱ्याचा कीस प्रत्येकी 50 ग्रॅम. मागच्या वेळी ओट्सचे 100 रुपये लागले, लाह्यांचे 30, शेंगदाण्यांचे 21, डाळव्याचे 12, तिळाचे 10, मनुक्यांचे 18 आणि खोबऱ्याचे 15. किलोभराहून थोडं जास्तच झालं आणि खर्च 206 रुपये. म्हणजे 100 ग्रॅमला वीसच्या आत. गॅसचे दोन-चार रुपये वर धरा.

ओट्स कोरडेच मंद आचेवर पाच-सहा मिनिटं परतायचे, कागदासारखा आवाज यायला लागला की उतरवायचे. शेंगदाणे भाजून, साल काढून, अर्धे करून. खोबरं अगदी शेवटी, ते क्षणात लाल होतं. सगळं पूर्ण गार झाल्याशिवाय मनुके घालू नका. मी एकदा घाईत गरमातच घातले तर ते दगड झाले. साखर घालायचीच नाही, वाटीत घेताना ज्याला हवा त्यानं गूळ घ्यावा. पंधरा-वीस दिवसांपुरतंच करा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात शेंगदाणा आणि खोबरं लवकर खवट होतं.

लाह्या कुठून आणता? घरी होतात का?

भट्टीवरच्या आणते, नागपंचमीच्या आसपास तर ढिगानं असतात. घरीही होतात, पण पहिल्या खेपेला रडकुंडीला याल, तेव्हा सांगून ठेवते. सगळीच ज्वारी सारखी फुटत नाही. मोंढ्यात 'लाह्यांची ज्वारी द्या' म्हणून मागा. उकळत्या पाण्यात दोन-चार मिनिटं टाकून निथळायची, फडक्यात रात्रभर बांधून ठेवायची. सकाळी दाणा वरून कोरडा लागला पाहिजे. लोखंडी कढई चांगली तापू द्यायची, मूठभरच ज्वारी टाकायची आणि सुती फडक्याच्या बोळ्यानं फिरवत राहायची. कढई कमी तापली की ज्वारी नुसती भाजते. जास्त टाकली की तेच.

न फुटलेले दाणे फेकू नका. लाह्यांबरोबर मिक्सरमधून काढा, ताकात कालवून मीठ-जिरं घालून खा. माझ्या आईची सकाळची न्याहारी हीच होती, तिला कुणी सुपरफूड म्हटलं नाही.

ज्वारीचे, नाचणीचे 'मिलेट फ्लेक्स' घ्यावेत का?

2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं आणि तेव्हापासून दुकानात या पाकिटांची गर्दी दिसते. पुढं मोठ्या अक्षरात ज्वारी असते, मागच्या यादीत तांदळाचं पीठ किंवा मका पहिला आणि ज्वारी बारा टक्के, असंही निघतं. ज्वारी निम्म्याहून जास्त असेल आणि भाव कॉर्नफ्लेक्सच्या जवळपास असेल तर घ्या. दुप्पट पैसे मोजून घेऊ नका. ज्वारी आपल्याला नवीन नाही. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं 'परभणी शक्ती' नावाचा लोह आणि जस्त जास्त असलेला वाण 2018 मध्येच दिलाय. पाकिटावर 'लोहयुक्त' वाचून भाळण्याआधी भाकरीचा विचार करा.

एकावर एक फुकट असेल तर?

तारीख बघा. वडील दुकानात जुना माल पुढं लावायचे आणि नवा मागं. सगळेच दुकानदार लावतात, त्यात लबाडी नाही, माल फिरला पाहिजे. पण गिऱ्हाईक म्हणून आपला हात मागच्या पाकिटाकडं गेला पाहिजे. एकावर एकची स्कीम पुष्कळदा तारीख जवळ आली की लागते. तुमच्या घरात महिन्याला एक बॉक्स संपत असेल आणि तारखेला तीन महिने असतील तर खुशाल घ्या. पावसाळ्यात चार बॉक्स उघडून ठेवणार असाल तर फुकटचं महागात जाईल.

आणि स्कीममध्ये बहुधा नवीन चवीचा माल असतो. स्ट्रॉबेरीचं एक खोकं आमच्याकडं आठ महिने फिरत होतं, शेवटी कामवाल्या मावशींच्या नातवाला दिलं. त्यानंही परत पाठवलं.

ऑनलाइन स्वस्त पडतं का?

मोठा बॉक्स कधीकधी पडतो. पण घरपोच करण्याचे पैसे वाचवायला अजून दोनशेची खरेदी करा म्हणतात, आणि आपण नको असलेला केचप घेतो. महिन्याची यादी एकदम टाकत असाल तरच बघा. ओळखीच्या किराणावाल्याला 'दर महिन्याला चार बॉक्स नेते, काय लावाल?' असं एकदा विचारून बघा. छापील किंमत ही वरची मर्यादा असते, त्याच्या खाली विकायला त्याला कुणी अडवलेलं नाही.

तारीख उलटली की फेकायचं?

दोन प्रकारचे शब्द असतात. 'बेस्ट बिफोर' म्हणजे तोपर्यंत चव आणि कुरकुरीतपणा उत्तम राहील असं कंपनी सांगते. 'एक्स्पायरी' किंवा 'यूज बाय' असेल तर त्या तारखेनंतर वापरायचं नाही. दुकानात मात्र दोन्हीपैकी काहीही उलटलेलं असेल तर घेऊ नका, सूट कितीही असो.

पावसाळ्यात सादळतात. फेकून द्यावे लागतात.

कशाला? कोरड्या कढईत मंद आचेवर तीन-चार मिनिटं हलवा, ताटात पसरून पूर्ण गार करा, पुन्हा कुरकुरीत होतात. चॉकलेटवाल्यांना हे करू नका, साखर करपते.

मुळात सादळू नयेत म्हणून आतली पिशवी कात्रीनं सरळ कापा, फाडू नका. हवा काढून घडी घाला, कपड्याचा चिमटा लावा आणि अख्खी पिशवीच घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. ओट्समध्ये पोरकिडे होतात. जास्त असतील तर फ्रिजमध्ये ठेवा.

गरम दूध घातलं की लगदा होतो.

होणारच. 1994 मध्ये केलॉग्ज भारतात आली तेव्हा त्यांनाही हाच अनुभव आला. इकडं सकाळी दूध तापवूनच घेतात आणि ते फ्लेक्स थंड दुधासाठी केलेले. कोमट दूध घ्या आणि फ्लेक्स दोनदा थोडे थोडे टाका. गरमच लागत असेल तर ओट्स करा, ते त्यासाठीच आहेत.

मुलगा खोलीवर राहतो. त्याला काय घेऊन देऊ?

आमच्या वरच्या पोरांचं सांगते. पहिल्या महिन्यात एकाच्या वडिलांनी मोठा बॉक्स आणून दिला. चार पोरं, रात्री एकला अभ्यास. तीन दिवसांत बॉक्स रिकामा, तोही दुधाशिवाय, नुसता चिवड्यासारखा खाऊन! नंतर त्याच्या आईला मी पुड्यांची माळ घ्यायला सांगितली. भाव मोठ्या बॉक्सएवढाच, रोज एक फोडायची, सादळायचा प्रश्न नाही, आणि मित्रांनी मागितली तरी एकच जाते. पण 24 ग्रॅमनं अठरा वर्षांच्या पोराचं पोट भरत नाही, बरोबर दोन केळी आणि मूठभर शेंगदाणे हवेतच. फ्रिज नसेल तर दुधाची पिशवी चौघांनी मिळून सकाळीच आणावी आणि सकाळीच संपवावी. मे महिन्यात दुपारपर्यंत तिचं दूध राहत नाही.

एवढं सगळं करण्यापेक्षा पोहे, सुशीला काय वाईट?

काहीच वाईट नाही. मुरमुऱ्यांची सुशीला माणशी सात-आठ रुपयांत होते आणि मला विचाराल तर वर ओलं खोबरं घातलेल्या सुशीलाला कुठलाच फ्लेक्स उत्तर देऊ शकत नाही. आमच्याकडं आठवड्यातले चार दिवस तेच असतं. उरलेले तीन दिवस वाटी-दूध, कारण त्या दिवशी मला आठ वाजता निघायचं असतं.

आणखी एक कारण लातूरकरांनाच कळेल. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यात आम्ही कढई घासायचं पाणीसुद्धा मोजत होतो. वाटी-चमच्याची न्याहारी तेव्हा आमच्या घरात शिरली, ती राहिली. तो खर्च हिशेबाच्या वहीत कुठल्या रकान्यात लिहायचा?

जास्त पैसे घेतले किंवा वजन कमी भरलं तर?

छापील किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही. बिल ठेवा, आधी दुकानदाराशी बोला, ऐकलं नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा.

बॉक्सच्या तळाला चुरा उरतो, तो कुणी खात नाही.

आमच्याकडं तो पाळीपाळीनं एका बरणीत साठतो. बरणी भरली की बटाट्याच्या कटलेटला ब्रेडच्या चुऱ्याऐवजी हा लावायचा, वरचं कवच जास्त कुरकुरीत होतं. चॉकलेटचा चुरा वेगळा ठेवा. मी एकदा विसरले आणि पाहुण्यांपुढं तपकिरी, गोड कटलेट गेले. धाकट्यानं सहा खाल्ले.